खिडकी बसेपर्यंत

सकाळचा उजेड त्या खोलीत एकदम येत नसे. पूर्वेच्या भिंतीत खिडकीसाठी सोडलेल्या मोठ्या चौकोनावर आडव्या फळ्या ठोकलेल्या होत्या, आणि त्यांच्या फटींतून तो एकेक पट्टी होऊन आत शिरे. पहिली पट्टी वरच्या कोपऱ्यातल्या ओलसर गिलाव्यावर पडे. तिथे तिला करण्यासारखे काही नसे, म्हणून ती सावकाश खाली उतरे. मग सिमेंटच्या अर्ध्या रिकाम्या गोणीवर, मग रंगाच्या डब्यावर पालथ्या घातलेल्या घमेल्यावर, आणि तिथून सुतळीने बांधलेल्या पुस्तकांच्या गठ्ठ्यांवर. हवेतली धूळ त्या पट्टीत आली की क्षणभर मौल्यवान दिसे, आणि पट्टीबाहेर गेली की पुन्हा धूळ होई. सर्वांत शेवटी, जणू सगळी खोली तपासून झाल्यावर, एक पट्टी वडिलांच्या पलंगाशी पोहोचे, चादरीच्या सुरकुत्यांत किंचित अडखळे आणि त्यांच्या उजव्या हातावर येऊन थांबे. वडील जागेच असत. ते तळवा वर करीत, कोणी काही देणार असल्यासारखा, आणि म्हणत, "आला उजेड."

त्यांचा ग्रंथपाल मुलगा रोज दारात उभा राही तो हे ऐकण्यासाठीच. हे ऐकले की तो निश्चिंत होऊन दात घासायला जाई.

हे घर त्याने या दोन शब्दांसाठी बांधायला घेतले, असे म्हटले तरी चालेल. वडील उभा जन्म एका छापखान्यात मुद्रिते तपासत आले होते. निवृत्त झाल्यावरही रोजचे वर्तमानपत्र ते वाचत नसत, तपासत. कानावर तांबडी पेन्सिल, आणि चूक सापडली की चेहऱ्यावर असा आनंद, की बातमी भूकंपाची असली तरी बघणाऱ्याला ती लग्नाची वाटावी. गेल्या दोन वर्षांत मात्र त्यांना दिसायला कमी झाले होते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी ग्रंथपालाला बाजूला घेऊन बरेच काही समजावले: डोळ्यामागची नस, तिचे सुकत जाणे, गेलेले परत न येणे. भित्र्या माणसाचे कान मोठे निवडक असतात. ग्रंथपालाने त्या सगळ्यातून एकच वाक्य घरी आणले. निरोप देताना डॉक्टर म्हणाले होते, "घरात उजेड भरपूर असू द्या, म्हणजे इतरांना तरी त्यांच्यावर लक्ष ठेवता येईल." यातलाही उत्तरार्ध वाटेत कुठेतरी सांडला असावा. घरात पाऊल टाकताच त्याने जाहीर केले, की डोळ्यांना काहीही झालेले नाही. दोष या भाड्याच्या खोल्यांचा आहे.

भाड्याच्या खोल्यांना समोरच्या इमारतीची भिंत हेच आकाश होते, त्यामुळे आरोप सिद्ध करायला वेळ लागला नाही. आईने चहा टाकला. बायकोने कप मांडले. वडील म्हणाले, "असेल." या घरात वाईट बातमी कोणी कोणाला तोंडाने सांगत नसे. ती चहाच्या कपाशेजारी मुकाट्याने ठेवून द्यायची, आणि समोरच्याने ती आपल्याला दिसलीच नाही असे दाखवत चहा प्यायचा, अशी इथली रीत होती. ग्रंथपाल या रीतीत इतका तयार झालेला होता, की पुष्कळदा तो कपही पाहत नसे.

म्हणून हे घर. म्हणून पूर्वेची खोली वडिलांची. म्हणून तिला एवढी मोठी खिडकी, की आराखडा काढणाऱ्याने पेन्सिल खाली ठेवून विचारले होते, "इथे दुकान काढताय का?"

आणि हे सारे थंडीच्या आत. इथली थंडी नुसती येत नसे, धुके घेऊन येई. आणि एकदा धुके बसले की सूर्य असून नसल्यासारखा. तेवढ्यात खिडकी बसली नाही तर वडिलांचा सबंध हिवाळा फळ्यांआड जाणार, आणि तोपर्यंत डोळ्यांना अंधाराची सवयच लागून गेली तर काय, या विचाराने ग्रंथपालाची पाचावर धारण बसे. जुन्या घरमालकाला खोल्या परत हव्याच होत्या. गवंडी म्हणाला, "छप्पर आहे, पुढचं दार आहे. या राहायला. बाकीचं राहता राहता होईल." जगातल्या तमाम अर्धवट घरांवर हे वाक्य कोरून ठेवायला हरकत नाही.

राहायला आल्यावर काय काय राहता राहता व्हायचे आहे ते कळू लागले. जिन्याला कठडा नव्हता. नळाला तोटी होती, पाणी नव्हते. न्हाणीघराला दार नव्हते, त्यामुळे आत असलेल्याने सतत आवाज करीत राहावे असे ठरले. आई जुनी गाणी म्हणे, वडील खोकत, बायको भांडी मोजल्यासारखी तांब्या आपटे. आणि स्वभावाने लाजाळू असलेला ग्रंथपाल वाचनालयातल्या पुस्तकांच्या वर्गवारीचे क्रमांक मोठ्याने म्हणे, जे ऐकून बाहेरून जाणारा एक अनोळखी मनुष्य एकदा बराच वेळ उभा राहिला होता. वारा सुटला की फळ्या कुरकुरत. ग्रंथपाल तो आवाज अंथरुणात पडून ऐके. घरातली प्रत्येक खोली अर्धवट होती. भीतीची तेवढी बांधून, रंगवून, कडीकोयंड्यासकट तयार होती, आणि तो तिच्यात सगळ्यांच्या आधी राहायला गेला होता.

नव्या घरात आईचा स्वभावही बिघडला, असे त्याला वाटू लागले. जन्मात कधी आवाज न चढवणारी आई दिवसभर घोषणा करू लागली.

"खुर्ची दाराच्या डाव्या हाताला ठेवलीय हं मी! मागाहून म्हणू नका सांगितलं नाही!"

"अहो, उंबरठा आहे तिथे! लक्ष कुठे असतं तुमचं!"

"चहा समोर ठेवलाय. जरा पुढे. आणखी पुढे. कान उजवीकडे आहे कपाचा, सांडाल आता!"

"आई, जरा हळू," ग्रंथपाल म्हणाला. "शेजारी काय म्हणतील? बाबांना काय कळत नाही का?"

आईने त्याच्याकडे पाहिले. "मला बडबड केल्याशिवाय करमत नाही हल्ली," ती म्हणाली. "वय झालं."

त्यातच बायकोने वडिलांच्या पलंगापासून न्हाणीघरापर्यंत, कमरेएवढ्या उंचीवर, एक जाड दोरी बांधली. "कपडे वाळत घालायला," ती म्हणाली. त्या दोरीवर कधी हातरुमालही दिसला नाही. ग्रंथपाल मात्र दिवसातून दोनदा तिच्यात अडके.

"अगं, कपडे बाहेर कुंपणावर आणि दोरी घरात, हे काय?"

"ती चांगल्या कपड्यांसाठी आहे."

"चांगले कपडे कधी धुणार?"

"चांगले दिवस आले की," बायको म्हणाली, आणि स्वयंपाकघरात गेली. तिच्या डोळ्यांत चुन्याची कणी गेली असावी. घरात तेव्हा चुना फार होता.

वर्तमानपत्र रोज येई. वडील ते मांडीवर उघडून बसत, पेन्सिल कानावर असे. पण पानांवर तांबडी खूण दिसेनाशी झाली होती. "आज काही सापडलं नाही, बाबा?"

"हल्ली चुका फार कमी झाल्यात रे," वडील म्हणाले. "सुधारले लोक."

ग्रंथपालाला हे पटले. माणूस पटवून घ्यायला बसला की वर्तमानपत्रही सुधारते.

अखेर सुतार चौकट घेऊन आला. चौकट सुरेख होती, फक्त भिंतीत जात नव्हती. चार बोटे मोठी होती. इथे एक गोष्ट सांगायला हवी, की सुतार आणि गवंडी हे सख्खे साडू होते आणि कित्येक वर्षे एकमेकांशी बोलत नव्हते. गवंड्याने भोक सोडले, सुताराने माप घेतले, मग गवंड्याने गिलावा चढवला. आणि बोलणे नसल्यामुळे यातले काहीही कोणी कोणाला कळवले नाही. आता दोघे एकाच खोलीत, हातभर अंतरावर उभे होते.

"त्यांना विचारा," गवंडी छताकडे पाहत म्हणाला, "माप घेताना टेप सरळ धरली होती का."

ग्रंथपाल सुताराकडे वळला. "ते विचारतायत, कृपया, टेप..."

"ऐकलंय मी. त्यांना सांगा, माप बरोबर आहे. नंतर गादीएवढा गिलावा कोणी थापला?"

"ते म्हणतात, गिलावा किंचित..."

"त्यांना म्हणावं, भिंतीला गिलावा होतो हे शेंबड्या पोरालाही कळतं."

"मग त्या पोराकडनंच चौकट करून घ्या म्हणावं!"

ग्रंथपाल मधोमध उभा राहून प्रत्येक वाक्य इमानेइतबारे पलीकडे पोहोचवत होता, वाटेत त्याला एखादे 'कृपया' लावून. पलंगावर बसलेले वडील हे सगळे मान एकदा इकडे, एकदा तिकडे वळवून ऐकत होते. त्यांना मजा वाटत असावी. शेवटी ठरले असे, की भिंत फोडायची नाही, चौकट तासायची. पण हे लाकूड हाताने तासण्यातले नव्हते. यंत्र हवे, आणि यंत्राला वीज हवी, जी घरात अजून आलेली नव्हती.

विजेचे तपासनीस आले. बूट बाहेर काढू का, असे त्यांनी विचारले, आणि जमीन पाहून ते पायातच ठेवले. मनुष्य सज्जन होता. म्हणून तर भीती अधिक वाटे.

"वीज देऊ की," ते म्हणाले. "पण ही खिडकी उघडी आहे. उघड्या घराला जोडणी देता येत नाही. नियम आहे."

"वीज आली की खिडकी लगेच बसेल, साहेब."

"खिडकी बसली की वीज लगेच येईल."

"पण विजेशिवाय खिडकी..."

"मला कळतंय," तपासनीस हळुवारपणे म्हणाले. त्यांनी ग्रंथपालाच्या बारीक अंगकाठीकडे, शाई लागलेल्या बोटांकडे पाहिले. "घरात कोणी मोठं माणूस नाही का, ज्यांच्याशी बोलता येईल?"

ग्रंथपालाचे कान तापले. आपण घराचे मालक आहोत, विवाहित आहोत, एका वाचनालयात आपल्या सहीशिवाय पुस्तक हलत नाही, हे सगळे त्याच्या ओठांवर आले आणि तिथेच बसले. तपासनीस वळले ते थेट चांगल्या कपड्यांच्या दोरीत. सुटताना त्यांनी दोरीवरून एक नजर पलंगापर्यंत नेली, वडिलांपाशी क्षणभर थांबवली, मग परत आणली. "दोरी असू द्या," जाताना ते उगाचच म्हणाले. "चांगली बांधलीय."

या गाठीतून सुटका केली ती सूचनाकाकांनी. हे शेजारी, पूर्वी बसमध्ये कंडक्टर. सगळे जग थोडे पुढे सरकले तर सगळ्यांना जागा होईल, यावर त्यांचा विश्वास होता. त्यांचे प्रत्येक बोलणे "एक सूचना करू का?" ने सुरू होई, आणि उत्तराची वाट ते कधी पाहत नसत. त्यांनी कुंपणावरून स्वतःच्या घरातली वायर टाकून दिली. यंत्र चालेपर्यंत वीज फुकट. मोबदला म्हणून सूचना ऐकायच्या.

"एक सूचना करू का? न्हाणीघराला दार लावू नका, पडदा लावा. दार फुगतं."

"एक सूचना करू का? तुम्ही मिशी ठेवा. मजुरांवर वचक बसतो."

"एक सूचना करू का? ही खिडकी बुजवून टाका. एवढी मोठी खिडकी म्हणजे हिवाळ्यात घरात बर्फाची पेटी. पूर्वेचं गार वारं छातीत बसतं. छोटा झरोका ठेवा, वीतभर."

"ती बाबांसाठी आहे, काका," ग्रंथपाल म्हणाला. "वाचायला उजेड हवा ना त्यांना. जुन्या घरात उजेड नव्हता, म्हणून दिसत नव्हतं."

सूचनाकाकांनी तोंड उघडले. त्यांनी ओसरीवर बसलेल्या वडिलांकडे पाहिले. मग त्यांनी तोंड मिटले. "बरं," ते म्हणाले. "मोठीच ठेवा मग." ज्या मनुष्याकडे दुसऱ्याच्या मिशीबद्दलही सूचना होती, त्याच्याकडे या बाबतीत एकही नसावी, याची ग्रंथपालाला विलक्षण भीती वाटली, आणि भीती वाटली की तो जे करी तेच त्याने केले. सुताराला जाऊन सांगितले, की जरा घाई करा.

सुतार घाई करू लागला त्याच दिवशीची गोष्ट. ग्रंथपाल दुपारी वाचनालयातून जेवायला घरी आला. दारातून पाहतो तो वडील जिन्यावर. कठडा नसलेल्या जिन्याच्या ऐन मध्यावर, मोकळ्या बाजूच्या टोकाशी. त्यांचा एक पाय पुढच्या पायरीच्या कडेला हळूहळू चाचपत होता, पाण्यात उतरणाऱ्या माणसाचा चाचपतो तसा. ओरडावे तर ते दचकतील. न ओरडावे तर. ग्रंथपाल नुसता उभा राहिला, हातातली छत्री छातीशी धरून.

जिन्याच्या पायथ्याशी आई होती. ती भाजी निवडत असल्यासारख्या आवाजात कुरकुरत होती. "चढलात ना? हौस फिटली ना? आता वळा. उजवा हात भिंतीला असू द्या, रंग लागला तर मी धुईन बापडी. हां. खाली एक. आणखी एक. काय बाई माणूस आहे! आणखी एक. ही रुंद आहे. झाली, संपली."

भिंतीला अजून रंग लागलेला नव्हता. आईचे पायाजवळचे लुगडे तिच्याच मुठीत इतके घट्ट पकडलेले होते, की नंतर ते सरळ होईना.

"गच्चीवरून कसं दिसतं ते बघायला गेलो होतो," वडील म्हणाले.

"कसं दिसतं?" ग्रंथपालाने विचारले.

वडिलांनी जरा विचार केला. "मोकळं," ते म्हणाले.

सगळे जेवायला बसले. ग्रंथपालाने पाण्याचा पेला संपवला आणि निर्णय दिला, की जिन्यात अंधार फार आहे. बाहेर लख्ख दुपार होती, आणि जिन्याला तर अजून छप्परही नव्हते. बायकोने त्याच्या ताटात आणखी भात वाढला. तिने तो नको असताना वाढला, आणि त्याने तो खाल्ला.

खिडकी बसली ती थंडीच्या अगदी दाराशी. यंत्राने चौकट तासून दिली, गवंड्याने कडा साफ करून दिल्या, आणि मग ते लाकडाचे धूड उचलून भोकात घालायची वेळ आली, तेव्हा निरोप्याला मधे उभे राहायला जागाच उरली नाही.

"त्यांना सांगा, डावीकडून..." सुतार म्हणाला, आणि चौकट कलंडली. "अरे धर की नीट!"

"धरलंय! तू उचल आधी!"

"उचललंय, तूच झोपलायस!"

कित्येक वर्षांची अढी अशी एका धक्क्याला सुटली. चौकट बसल्यावर दोघे बराच वेळ एकमेकांना शिव्या देत राहिले, इतक्या प्रेमाने की आईने दोघांना चहा दिला. मागोमाग तावदाने आली. त्यांवर चुन्याच्या फुल्या होत्या. फळ्या निघाल्या तेव्हा ऊन घराच्या मागच्या बाजूला गेलेले होते. "उद्या," ग्रंथपाल म्हणाला. "उद्या सकाळी बघा, बाबा." त्याने स्वतःच्या हाताने प्रत्येक फुली पुसली. काच इतकी स्वच्छ झाली, की हात लावल्याशिवाय ती आहे हे कळू नये.

आणि त्याच रात्री थंडी आली.

सकाळी ग्रंथपाल पूर्वेच्या खोलीच्या दारात आला, तेव्हा खिडकीभर धुके होते. सूर्य कुठेच नव्हता. पण उजेड होता, आणि तो कुठून एका बाजूने येत नव्हता, सगळीकडे होता. पांढरा, थंड, सावली न पाडणारा. पहिल्यांदाच खोलीतले सगळे एकदम दिसत होते: गिलाव्यावरची थापीची वळणे, सिमेंटची गोणी, पुस्तकांच्या गठ्ठ्यांवरची नावे, दोरीवर मधल्या भागात हात फिरून फिरून आलेला काळपट चकचकीतपणा.

वडील आधीच उठून खिडकीशी खुर्चीत बसले होते. अंगावर शाल, मांडीवर वर्तमानपत्र, कानावर पेन्सिल. उजवा हात त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला होता, तळवा वर करून. त्यांचा चेहरा, त्यावरची प्रत्येक सुरकुती, उघडे डोळे, सारे त्या पांढऱ्या उजेडात न्हाऊन निघाले होते. काचेपलीकडे कानाला मफलर गुंडाळून सूचनाकाका उभे होते. काम कसे झाले ते बघायला साडूही दोघे आले होते, एकाच सायकलवरून. आई चहाचा कप घेऊन आली. बायको तिच्या मागे थांबली.

सगळे वाट पाहत होते. वडीलही वाट पाहत होते. त्यांनी तळवा थोडा डावीकडे सरकवला, मग थोडा उजवीकडे. बोटे मिटून उघडली. कट्टा बर्फासारखा गार असला पाहिजे.

"अजून उजाडलं नाही वाटतं," वडील म्हणाले. मग लगेच, मुलाला वाईट वाटू नये म्हणून, "असू दे. घाई काय आहे? होईल सावकाश."

सूचनाकाकांनी काचेपलीकडे मान खाली घातली. ग्रंथपालाने आईकडे पाहिले. ती आता काहीतरी ओरडेल, खुर्चीबद्दल, कपाच्या कानाबद्दल, काहीही. आई ओरडली नाही. ती त्याच्याकडे पाहत होती. कप तिने कट्ट्यावर ठेवला नव्हता, हातातच धरला होता.

"उजाडलंय, बाबा," ग्रंथपाल म्हणाला.

या घरात असे बोलायची रीत नव्हती. वडिलांनी ते ऐकले. मग त्यांनी हात कट्ट्यावरून उचलून शालीत घेतला, थोडा चोळला. "हो का," ते म्हणाले. "मग बरं."

त्यांनी कानावरची तांबडी पेन्सिल काढली आणि त्याला द्यायला पुढे केली. तो उभा होता तिथे नाही, जरा बाजूला, जिथे कोणीच नव्हते. ग्रंथपाल सरकून त्या जागी गेला आणि त्याने पेन्सिल घेतली.

वडिलांना दिसत नव्हते.